जुन्या डीपी पिकअपला डीआय इंजिन: मापं आधी, पाना नंतर

चिपळूणहून चिरे भरून निघालं आणि कुंभार्ली घाट लागला की आमच्या जुन्या महिंद्रा पिकअपचा टेंपरेचरचा काटा दुसऱ्या-तिसऱ्या वळणालाच लालकडे सरकायचा. डीपी म्हणजे पेजोचं इंजिन. लायनर-पिस्टन एकदा झाले होते, हेड (सिलिंडरवरचं झाकण) दोनदा फेस, म्हणजे घासून सपाट, केलं होतं. तिसऱ्यांदा हेड उतरवलं तेव्हा व्हॉल्व्हच्या मधोमध तडा दिसला आणि मग घरात विषय निघाला की विकायची की इंजिन बदलायचं. चेसिस सरळ होती, हौदा दोन वर्षांपूर्वीच नवा केलेला. इंजिन बदललं: महिंद्राचंच डीआय, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं, बसवलं. त्यानंतर आसपासच्या तीन गाड्यांना हात लावला, त्या सगळ्यांतून जे समजलं ते इथे मांडतोय.

सुरुवातीलाच एक सांगतो. इंजिन बसवायला दोन दिवस लागतात, ते नेमकं कुठे बसणार हे ठरवायला दोन आठवडे. ज्यांनी हे उलटं केलं त्यांच्या गाड्या गॅरेजच्या मागे गवतात उभ्या आहेत.

डीआयच का

डीपीचं इंजिन एक्सडीपी ४.९०. बोअर ९० मिलिमीटर, स्ट्रोक ८३, एकूण २११२ सीसी. बोअर मोठा आणि स्ट्रोक आखूड, म्हणजे फिरायला मोकळं, पण खाली आरपीएमला जोर कमी. शिवाय त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये जात नाही, हेडमधल्या छोट्या खोलीत आधी पेटतं. म्हणून आवाज मऊ, पण सकाळी हीटर प्लग तापवल्याशिवाय उठत नाही आणि हेडवर उष्णतेचा मारा जास्त.

महिंद्राचं डीआय २५२३ सीसीचं. बोअर ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६. हे आकडे विचित्र वाटतात, पण इंचात मोजा: साडेतीन आणि चार. खानदान ट्रॅक्टरचं आहे. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टाससोबत ट्रॅक्टर कंपनी काढली, त्यांचा बी-२७५ गावोगाव पोचला, आणि त्याच इंजिनाच्या घराण्यातून हे पुढे आलं. म्हणूनच ट्रॅक्टरवर हात बसलेला कुठलाही मिस्त्री ते डोळे झाकून खोलतो. लांब स्ट्रोकमुळे खालून ओढतं. आवाज मात्र खडखडाटी, थरथर जास्त आणि ३२०० आरपीएमच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. हायवेला ऐंशीने पळायचं असेल तर हा खटाटोप करू नका. घाट, शेतरस्ता आणि वजन असेल तर करा.

एक्सडीपी अजून दुरुस्त होण्यासारखं असेल तर तेही आधी करा. मी डीआयच्या प्रेमात आहे म्हणून तुम्ही पडायलाच हवं असं नाही.

आरटीओ आधी

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकलं तर नंबर बदलून घेण्याचं काम तुलनेने सरळ असतं. आपल्या बाबतीत मेक तोच, इंधन तेच, पण सीसी २११२ वरून २५२३ होते. म्हणून इंजिन विकत घ्यायच्या आधी आरटीओत लेखी अर्ज करा, परवानगी हातात पडू द्या, मगच पैसे मोजा. ‘बसवून या, मग बघू’ असं कोणी एजंट म्हणाला तर त्याचा चहा पिऊन घरी या.

पेट्रोल जीपला डिझेल लावायचं असेल तर प्रकरण वेगळं. इंधनच बदललं की मान्यताप्राप्त किट आणि चाचणी संस्थेची मंजुरी हा विषय येतो. त्या वाटेने जायचं तर आधी तीच माहिती काढा.

कागद कोणते लागतात ते तुमच्या आरटीओतच विचारा, पण हे गोळा करून ठेवाच: इंजिन विकणाऱ्याचं पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत किंवा ती मोडीत काढल्याचा कागद, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी. नंबर घासलेलं, परत पंच केलेलं किंवा बिलाशिवाय मिळणारं इंजिन फुकट मिळालं तरी उचलू नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुमच्याच दारात येतील. विमा कंपनीलाही कळवा. आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं असेल तर अपघाताच्या दिवशी क्लेमचं काय होईल ते सांगायला नको.

इंजिन पारखून घेणं

सुटं इंजिन घेऊ नका. कमांडर, मार्शल किंवा जुन्या बोलेरोतून निघालेलं, गिअर बॉक्स, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअर बॉक्स जोडणारं कवच), फ्लायव्हील, क्लच, सेल्फ, अल्टरनेटर, फाउंडेशनचे (इंजिन चेसिसवर टेकतं तिथले) ब्रॅकेट आणि रेडिएटरसकट घ्या. चार पैसे जास्त जातील, पण पुढचे दहा दिवस वाचतील. कुर्ल्याच्या बाजारात किंवा पुण्यात हाफ इंजिन स्वस्त दिसतं आणि मग एकेका ब्रॅकेटसाठी पंधरा फेऱ्या होतात.

जमलं तर गाडीत असतानाच चालू करून बघा, आणि ते थंड असताना. हात लावून गरम लागलं तर विकणाऱ्याने तुमच्या येण्याआधी उठवून ठेवलंय असं समजा. सुरू झाल्यावर तेल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं, उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा किंवा लायनर गेलेत. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, पाण्यावर तेलाची साय आहे का ते पाहा. निळा धूर म्हणजे तेल खातंय. पांढरा धूर थंडपणी थोडा वेळ ठीक, गरम झाल्यावरही राहिला तर नोझल किंवा कॉम्प्रेशनची तक्रार.

कॉम्प्रेशन गेज असलेला मिस्त्री सोबत न्या. चारही सिलिंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांच्या आत फरक असावा. आकडा थोडा कमी पण चारही सारखे असतील तर ते इंजिन एकसारखं झिजलंय; तीन चांगले आणि एक पडलेला असेल तर सोडून द्या. शेवटी पुढच्या पुलीला टॉमीने, म्हणजे लोखंडी सळईने, पुढे-मागे ढकला. हाताला खट्ट असं जाणवण्याइतकं खेळलं तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर गेलेत.

माप

इथे घाई करू नका. जुनं इंजिन काढण्याआधी, ते जागेवर असतानाच, ही मापं वहीत लिहा: क्रँक पुलीपासून रेडिएटरपर्यंतचं अंतर, बेल हाउसिंगच्या मागच्या कडेपासून गिअर बॉक्सच्या फाउंडेशनपर्यंत, क्रँकच्या मध्यापासून दोन्ही चेसिस दांड्यांपर्यंत, सम्पच्या (इंजिनखालच्या तेलाच्या तसराळ्याच्या) तळापासून पुढच्या अॅक्सलपर्यंत, आणि गिअर लिव्हर केबिनमध्ये कुठे येतो ते. इंजिन मागच्या बाजूला किती खाली झुकलंय तो कोनही घ्या. मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप इथे खरंच कामाला येतं.

मग रिकामा ब्लॉक शोधा. भंगारात फुटलेला डीआय ब्लॉक मिळतो. आत क्रँक नाही, पिस्टन नाही, दोन माणसांना उचलता येतो. त्यावर फुटकं हेड, सम्प आणि बेल हाउसिंग लावून तो खोका गाडीत ठेवायचा, लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचा आणि हवं तितक्या वेळा हलवायचा. सगळं वजन चेनपुलीवर टांगून, खाली वाकून, ‘अजून थोडं डावीकडे’ करण्यापेक्षा हे शंभरपट सोपं. आमच्याकडे तो खोका तीन गाड्या फिरून आला, आता त्यावर पाणी पिणाऱ्या कोंबड्या बसतात.

खोका ठेवला की चार गोष्टी पाहायच्या. पंखा आणि रेडिएटर यांच्यात निदान इंचभर जागा. सम्प आणि अॅक्सलमध्ये जागा, पण गाडी उभी असतानाची नव्हे. पाटे पूर्ण दबून अॅक्सल बंपस्टॉपला टेकतो तेव्हाची. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंग बॉक्स आणि ब्रेक पाइपपासून लांब असावा. आणि ऑइल फिल्टर हाताने काढता येईल का? आमच्या पहिल्या गाडीत तो दांडीला इतका खेटला की प्रत्येक सर्व्हिसला एक बाजूचं फाउंडेशन सैल करावं लागतं. अजूनही लागतं.

उतरवणं आणि जोडणं

बॅटरीची तार काढा, पाणी आणि तेल वेगळ्या डब्यात काढा, प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा. फोटो काढा. बॉनेट काढून ठेवा, रेडिएटर आधीच बाहेर. चेनपुली झाडाच्या फांदीला बांधू नका. फांदी इंजिन उचलते, पण इंजिन हेलकावा घेतं तेव्हा ती काय करेल ते झाडालाही ठाऊक नसतं. लोखंडी तिकाटणं किंवा गॅरेजचा गर्डर हवा.

जुना गिअर बॉक्स ठेवून नवं इंजिन जोडायचं असेल तर मध्ये अॅडॉप्टर प्लेट लागते. ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत चांगली बनते, पण तिच्यात तीन मापं सांभाळावी लागतात: गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक पायलट बुशमध्ये (क्रँकच्या मागच्या टोकातल्या बुशमध्ये) पुरेसं जातं का, क्लच प्लेटच्या दातांवर शाफ्टचे दात पूर्ण बसतात का, आणि सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगला नीट मिळतं का. शिवाय बेल हाउसिंगचं मोठं छिद्र क्रँकच्या बरोबर मध्यावर असावं. फ्लायव्हीलला डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं मीटर) लावून क्रँक हाताने फिरवा, छिद्राच्या कडेवर काटा ०.१५ मिलिमीटरच्या वर हलता कामा नये. हे न तपासता जोडलं तर गाडी चालते, फक्त दर चार महिन्यांनी इनपुट बेअरिंग आणि क्लच प्लेट खाते, आणि मालक क्लच प्लेटच्या कंपनीला शिव्या देत बसतो. म्हणूनच गिअर बॉक्ससकट इंजिन घ्या असं वर म्हटलं.

आता माझी स्वतःची चूक. पहिल्या गाडीत गिअर बॉक्स पुढे सरकत सरकत अर्ध्या इंचावर अडला. संध्याकाळ झाली होती, पाऊस येऊ घातला होता. मी चार बोल्ट लावले आणि पान्याने आवळत आवळत तो ओढून बसवला. बसला. दुसऱ्या दिवशी क्लच दाबला तर गिअर पडेना. परत उतरवलं तेव्हा क्लच प्लेटचा मधला भाग बशीसारखा वाकलेला. शाफ्टचा दात प्लेटच्या दातावर अडला होता, एवढंच. गिअर टाकून गिअर बॉक्सचं मागचं टोक हाताने जरासं फिरवलं असतं तर तो आपोआप सरकला असता. गिअर बॉक्स हाताने पूर्ण टेकला पाहिजे. बोल्ट फक्त धरून ठेवायला असतात, ओढायला नाही.

क्लच प्लेट मध्यावर धरायला जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा वापरा. पायलट बुश नवीन टाका, पन्नास-शंभर रुपयांची वस्तू वाचवून काय करणार?

फाउंडेशन

डीआय थरथरतं. म्हणून जुन्या डीपीचे रबर वापरू नका, डीआयचेच रबर आणि डीआयचेच इंजिनकडचे ब्रॅकेट घ्या. चेसिसकडचे ब्रॅकेट मात्र बनवावे लागतात. कमीत कमी ६ मिलिमीटर जाडीची प्लेट, त्रिकोणी आधार दिलेला, आणि दांडीच्या उभ्या बाजूला बोल्टने बसवलेला. दांडीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत भोक पाडू नका, तिथे आडवं वेल्डिंगही नको. गाडीचं सगळं वाकणं त्या दोन पट्ट्या झेलतात, आणि तडा तिथूनच सुरू होतो. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट लॉकचे. कुठेही वेल्डिंग करण्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवा.

आधी वेल्डिंगचे फक्त टाके मारून घ्या, इंजिन ठेवा, मापं परत तपासा, इंजिन काढा आणि मग पक्कं वेल्डिंग करा. इंजिनच्या रबरावर वेल्डिंगच्या ठिणग्या पडलेल्या मी पाहिल्यात.

इंजिनचा कोन बदलला की मागच्या चाकांकडे जाणाऱ्या जॉइंट शाफ्टचा कोनही बदलतो. गिअर बॉक्सच्या टोकाचा आणि डिफरन्शियलच्या टोकाचा कोन सारखा राहिला पाहिजे, नाहीतर चाळीसच्या वेगाला गाडी गुणगुणायला लागते. शाफ्टची लांबी कमी-जास्त करायची असेल तर ती बॅलन्सिंग मशीनवर करून घ्या, आणि दोन्ही टोकांचे कान एका रेषेत आहेत याची स्वतः खात्री करा.

पाणी, डिझेल, वायरी

रेडिएटर डीआयचाच बसवा, शक्य नसेल तर जुन्यात जास्त रांगांचा कोअर टाकून घ्या. पंख्याभोवतीचं कवच टाळू नका. घाटात वेग कमी आणि आरपीएम जास्त असतो, तेव्हा त्याचाच आधार असतो. होज पाइप वाकवून चपटा करण्यापेक्षा दोन तुकडे आणि मध्ये लोखंडी नळी बरी.

डिझेलची परतीची नळी टाकीपर्यंत जाते ना ते बघा. सक्शनच्या बाजूला नवीन नळी आणि नवीन वॉशर वापरा, कारण त्या बाजूने डिझेल गळत नाही, हवा आत जाते, आणि ती चूक दिसत नाही.

डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा व्हॅक्यूम नसतो. ब्रेकला बूस्टर असेल तर अल्टरनेटरमागचा व्हॅक्यूम पंप आणि त्याची तेलाची नळी जोडलेली हवीच. ही नळी विसरून गाडी रस्त्यावर आणणारे महाभाग असतात.

तेलाच्या दाबाचा आणि तापमानाचा सेन्सर मीटरशी जुळणारा असावा. इंजिन डीआयचं आणि मीटर डीपीचा असला तर काटा खोटं बोलू शकतो. आम्ही वेगळा यांत्रिक ऑइल मीटर लावला, नळीवाला. दिसायला ओबडधोबड, पण विश्वासाचा.

पहिला आवाज

तेल भरा. स्टॉपची केबल ओढून धरा आणि सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मध्ये थांबून. ऑइलचा काटा हलेपर्यंत इंजिन पेटवायचं नाही.

मग एअर काढणं. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा हातपंप दाबत राहा. आधी फेस येतो, फुस्स असा आवाज, मग बुडबुडे मिसळलेलं डिझेल, आणि मग अखंड धार. धार अखंड असतानाच स्क्रू आवळा. हेच डिझेल पंपाच्या स्क्रूवर करा. शेवटी नोझलकडे जाणारे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, प्रत्येक नटातून डिझेल टपकलं की आवळत चला. त्या फवाऱ्यापुढे बोट धरू नका. त्या दाबाला डिझेल कातडीत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि माणूस दवाखान्यात जातो.

पहिल्यांदा सुरू करताना एक माणूस एअर क्लीनरच्या तोंडाशी फळी घेऊन उभा करा. आम्ही जेवणाचा पाट वापरला. बरेच दिवस पडून असलेल्या पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकलेला असेल तर इंजिन स्वतःहून चढत जातं आणि चावी काढून थांबत नाही. हवा बंद केली की थांबतं. हात किंवा फडकं लावू नका, ओढून घेतं.

सुरू झालं की पाच मिनिटं ऑइलच्या काट्याकडे, सम्पखाली आणि बेल हाउसिंगच्या भोकाकडे बघत राहा. आनंद नंतर.

रस्त्यावर

टायरवर खडूने खूण करून गाडी एक फेरा ढकला, जमिनीवरचं अंतर मोजा. आमचं २.३ मीटर आलं. मागच्या डिफरन्शियलचा रेशो ५.३८ असेल आणि टॉप गिअर सरळ (१:१) असेल, तर २५०० आरपीएमला गाडी ६४ किलोमीटरने चालते, ३२०० ला ८२ ने. ४.८८ चा क्राऊन-पिनियन असेल तर हेच आकडे ७१ आणि ९० होतात. घाटवाल्यांनी ५.३८ ला हात लावू नये. ज्यांना कराड-पुणे नेहमीचं आहे त्यांनी पाच गिअरचा बॉक्स बघावा.

पीयूसीला धूर मोजताना जुन्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिजची (धुराची दाटी मोजायचं एकक) मर्यादा आहे. नोझल आणि पंप चाचणीच्या आधी पंपवाल्याकडून सेट करून घेतले असतील तर ती सहज पाळता येते. काळा धूर दिसला की लोक पंपाचा स्क्रू स्वतः पिळतात. तो सील तोडू नका.

आरटीओत तपासणीला जाताना इंजिन नंबरचा पॅड डिझेलने पुसून, कागद ठेवून पेन्सिलने छाप काढून न्या. आमच्या वेळी साहेबांनी वाकून पाहिलं, नंबर मॅनिफोल्डच्या मागे होता, आणि आरसा-टॉर्च आणायला मला पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे पळावं लागलं.

पाचशे किलोमीटरला तेल बदला, फाउंडेशनचे आणि बेल हाउसिंगचे सगळे बोल्ट परत आवळा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंडपणी सेट करा आणि ब्रॅकेटच्या चारही कडांना केरोसीन लावून, ते पुसून खडू फासा. केसाइतका बारीक तडा असेल तोही खडूवर ओली रेघ होऊन उमटतो.